उतारावर लावलेली गाडी

आमचा पाडा कासा सोडून डोंगराच्या अंगाला आत आहे. मी लहान असताना पाड्यात एकच जीप होती आणि ती कायम उतारावर उभी असायची. तोंड खाली, पुढच्या चाकाला दगड. किल्ली फिरवली तरी सेल्फ घेतच नसे. दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. गाडी अशीच चालू होते, असंच आम्ही समजत होतो.

भातकापणीत बाबांच्या पायाला घोणस चावली. जीप उतारावरून निघाली आणि ओढ्याच्या फरशीपुलावर बंद पडली. तिथे उतार नव्हता. चौघांनी बांबूला चादर बांधली आणि बाबांना झोळीतून कासाच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जीप का बंद पडली हे कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उतारावर उभी होती.

त्यानंतर आई चिखल्याला चिकूच्या वाडीवर मजुरीला राहिली. मोठी बहीण यमुना शाळा सोडून तिच्याबरोबर गेली. घरातल्या एकाने तरी शिकायचं, असं बाबांनी ठरवलं होतं, तो एक मी. डहाणूच्या कॉलेजातून बी.ए. झालो. आमच्या सात पिढ्यांतला पहिला पदवीधर. हे मी मान वर करून सांगतो, कारण त्याची किंमत यमुनाने दिली आहे.

पदवी घेऊन फौजेत भरती झालो. ट्रेड मिळाला व्हेईकल मेकॅनिक. भरतीच्या वेळी साहेबांनी विचारलं, "बी.ए. होऊन पाना धरणार?" मी म्हणालो, "येस सर." गाडी का बंद पडते, ते मला शिकायचंच होतं.

आता त्या पोस्टिंगचं सांगतो. उंचावरची डोंगरी पोस्ट. जागेचं नाव लिहीत नाही. वर दोन छोट्या चौक्या, खाली आमची वर्कशॉपची तुकडी, त्याच्या खाली मेडिकल पोस्ट. या सगळ्यांसाठी एकच अॅम्ब्युलन्स, पेट्रोलवर चालणारी हलकी गाडी. तिचा ड्रायव्हर लान्स नायक तरसेम. पंजाबचा, दहावी नापास, आवाज मोठा. मला कधी नावाने हाक मारली नाही. "ओये बी.ए. साब" एवढंच.

तरसेमही गाडी उतारावर लावायचा. थंडीत बॅटरी दम सोडते, म्हणून तिकडे बरेच ड्रायव्हर तेच करतात. मी हसलो तर म्हणाला, "क्या देखते हो? पहाड़ में उतार ही सेल्फ है."

"हमारे गाँव में भी यही है," मी म्हणालो.

"तो फिर पढ़-लिख के क्या सीखा, बी.ए. साब?"

एका सकाळच्या चेकिंगला मी त्या गाडीच्या बॅटरीला मीटर लावला. इंजिन बंद असताना बारा व्होल्टच्या जेमतेम वर. इंजिन चालू केल्यावर हा आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा. तो तिथेच राहिला. अर्थ सरळ आहे. इंजिनावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर बॅटरीला काहीच देत नव्हता. गाडी साठवलेल्या विजेवर चालली होती आणि ती संपणार होती. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा हे सांगतो. त्या गाडीत त्या दिव्याचा बल्बच उडालेला होता.

मी सुभेदार साहेबांना रिपोर्ट दिला.

"गाडी निघते की नाही?" साहेबांनी विचारलं.

"निघते साहेब. पण चार्जिंग नाही."

"अल्टरनेटर स्टोअरमध्ये नाही. रस्ता उघडला की कॉन्व्हॉयने येईल. तोवर नवी बॅटरी टाक. अॅम्ब्युलन्स रोडवर पाहिजे."

"येस सर."

हुकूम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. दुसरी अॅम्ब्युलन्स नव्हती. मी नवी बॅटरी बसवली आणि गाडी परत आली की रोज ती उतरवून जनरेटरवर चार्जिंगला लावू लागलो. तरसेमला बजावलं, "लाइट जपून. वायपर लागेल तेवढाच. ब्लोअर बंद."

"गड्डी मेरी है, बी.ए. साब. उतार पे खड़ी है, उतार पे लौटेगी."

त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. तरसेमच्या दोन फेऱ्या होऊन गेल्या होत्या. मी बॅटरीचे नट सैल करत होतो तेवढ्यात वरच्या चौकीचा मेसेज आला. एका जवानाच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. या आजारात माणूस उभ्याउभ्या बुडतो. त्याला खाली आणणं हाच इलाज. बॅटरी चार्ज करायला वेळ नव्हता. बदलायला दुसरी नव्हती, जुनी चार्ज धरत नव्हती. मी नट पुन्हा आवळले. तरसेम नर्सिंग असिस्टंटला घेऊन निघाला.

वर पोहोचल्याचा मेसेज आला. पेशंट घेऊन निघाल्याचाही आला. मग बराच वेळ काही नाही. मग तरसेमचा आवाज.

"कंट्रोल, गाड़ी बंद. सेल्फ नहीं ले रही. ओव्हर."

"लोकेशन? ओव्हर."

"पुल के पास. प्लेन में हूँ. ओव्हर."

सगळ्या रस्त्यात उतारच उतार होता. सपाट जागा तेवढी एकच, पुलाजवळची.

"धक्का? ओव्हर."

"दो आदमी हैं. बर्फ घुटने तक. नहीं हिलती. ओव्हर."

"पेशंट? ओव्हर."

"साँस खींच रहा है. ओव्हर."

"रिकव्हरी आ रही है. आउट."

बंद गाड्या ओढायचा रिकव्हरी ट्रक घेऊन आम्ही चौघे निघालो. पुलाच्या अलीकडे रस्त्यावर बर्फाचा ढिगारा आला होता. ट्रक तिथेच थांबवून चालत गेलो. तरसेम आणि नर्सिंग असिस्टंट स्ट्रेचर उचलून समोरून येत होते. स्ट्रेचर आम्ही घेतलं. पोरगा निळा पडला होता. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आलाय, दुसरा गाडीत राहिला.

तरसेम म्हणाला, "मैं लाता हूँ. तुम चलो."

तो वळला. मी त्याला शेवटचं पाठमोरं पाहिलं. आम्ही ट्रकपाशी पोहोचलो तेव्हा वरून बर्फ सुटला. फार मोठा आवाज झाला नाही. पोतं ओतावं तसा. मागे पाहिलं तर गाडी नव्हती आणि तरसेम नव्हता.

पेशंटला खाली न्यायचा हुकूम झाला. नेला. तो वाचला. तरसेम दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. सिलिंडर त्याच्या अंगाखाली होता.

गाडी नंतर ओढून काढली. तपासणी मीच केली. अल्टरनेटरचे ब्रश झिजून गेले होते, हाताच्या चिमटीत मावतील असे दोन कार्बनचे तुकडे. ब्लोअरचा खटका फुल्लवर होता. पेशंटला थंडी वाजू नये म्हणून तरसेमने तो लावला असणार. मी सांगूनही लावला. त्याच्या जागी मीही लावला असता.

हवालदार म्हणून पेन्शनीवर घरी आलो. पाड्याला आता डांबरी रस्ता आहे. पाच जीपा आहेत. पाचही उतारावर उभ्या. तोंड खाली, चाकाला दगड.

पाड्यातच दिलेल्या यमुनाची मुलगी संगीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आमच्याकडे फोनची रेंज टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे अडल्यानडल्याला शेजारच्या लक्ष्मणची जीपच. यमुना म्हणाली, "भाऊ, पोरीचे दिवस भरलेत. लक्ष्याची गाडी वेळेला निघंल ना? बाबांसारखं नको व्हायला."

मी लक्ष्मणकडे गेलो. तो हसला. "काय घाबरता, फौजी? चारोटीवरून नवी बॅटरी आणलीय. आता बघायलाच नको."

मी बॉनेट उघडलं.

"नवी आहे तर उतारावर कशाला लावलीस?"

"सवय हो."

मी मीटर आणला. आधी जुन्या केबलच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुतली आणि नट आवळले, कारण निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. रात्रभर उभ्या असलेल्या चांगल्या बॅटरीने साडेबाराच्या वर दाखवावं. हिने बारा दाखवलं. सेल्फ मारताना आकडा दहाच्या खाली जाऊ नये. हिचा नऊवर आला. इंजिन चालू झालं. आकडा बारावरच.

"थांबा, चार्जिंग मी दाखवतो," म्हणत लक्ष्मण चालू इंजिनावर टर्मिनल काढायला पाना घेऊन वाकला. मी त्याचं मनगट धरलं.

"का? सगळे असंच बघतात. टर्मिनल काढून गाडी चालू राहिली की चार्जिंग ओके."

"तुझी डिझेलची गाडी आहे, तिला ठिणगी लागत नाही. ती चार्जिंग नसतानाही चालू राहील. आणि चार्जिंग असलं तर अल्टरनेटर जाळशील."

"पण सगळेच..."

"पाना खाली ठेव, लक्ष्या."

त्याने ठेवला. मी विचारलं, "बॅटरीचा लाल दिवा कुठंय?"

"तो काय, सारखा पेटलेला असायचा. डोळ्यात जायचा. चिकटपट्टी लावली त्याच्यावर."

चिकटपट्टी काढली. दिवा लाल होता. किती महिने होता कोणास ठाऊक.

अंगठ्याने बेल्ट दाबून पाहिला. घट्ट होता. मग अल्टरनेटरच्या मागची जाड वायर हाताने चाचपत गेलो. मध्येच ती कुरतडलेली लागली. जीप पेंढ्याच्या उडवीला खेटून उभी असायची. पेंढ्यात उंदीर. बॅटरीची केबल काढून ठेवली, वायर बदलली, केबल पुन्हा जोडली. इंजिन चालू. मीटरवर चौदा. हेडलाइट लावले, तरी तेरा पॉइंट आठ. लाल दिवा विझला.

"एवढंच होतं?" लक्ष्मण म्हणाला.

"एवढंच होतं."

मग मी त्याला पुलाची गोष्ट सांगितली. पाड्यात पहिल्यांदाच सांगितली. बाबा ओट्यावर कुबडी टेकून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर म्हणाले, "लक्ष्या, गाडी खळ्यावर लाव."

खळं म्हणजे भात झोडायची सारवलेली जागा, तळहातासारखी सपाट. तिथे गाडी लावायची कोणाची हिंमत नव्हती. बाबांच्या शब्दावर लक्ष्मणने लावली. उतारावर दुखणं झाकलं जातं, खळ्यावर पहिल्याच सकाळी उघडं पडतं. बाकीचे चौघे जीपवाले आधी हसले. "फौजीने परेड लावली," म्हणाले. मग एकेक करून आले. जी गाडी सकाळी खळ्यावर सेल्फ घेत नाही ती माझ्या अंगणात येते आणि मीटर लागल्याशिवाय जात नाही. कापणीच्या दिवसांत खळं मोकळं करून शाळेपुढच्या मैदानात लावतात. तेही सपाटच.

संगीताला कळा सुरू झाल्या त्या दुपारी जीप खळ्यावर होती. लक्ष्मणने किल्ली फिरवली. एकाच सेल्फला इंजिन लागलं. यमुना मागे पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ओढ्याच्या फरशीवर तिने डोळे मिटले, पलीकडे गेल्यावर उघडले. कासाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

तरसेम गेला त्या तारखेला मी दरवर्षी त्याच्या वडिलांना फोन करतो. फार बोलणं होत नाही. ते विचारतात, "गड्डियाँ ठीक चल रही हैं, पुत्तर?"

मी सांगतो, "चल रही हैं, बाऊजी."

लान्स नायक तरसेम सपाटीवर अडकला आणि परत आला नाही. आमच्या पाड्यातल्या पाचही जीपा आज सपाटीवर उभ्या असतात आणि पाचही सेल्फवर निघतात.