४०४४५६९ आणि एक राहिलेली खूण

"काका, बाबा गेलं..." बाळारामच्या मुलाचा फोन आला तेव्हा गुरुवारची सकाळ होती. माझ्या मनात आधी काय आलं, ते सांगायची लाज वाटते. उद्या शुक्रवार, मग आता भागाकार कोण करणार?

बाळाराम माझा शाळेपासूनचा दोस्त. राहनाळला जिथे त्यांचा भात पिकायचा, तिथेच उभ्या राहिलेल्या गोदामाच्या फाटकावर तो येणाऱ्या कंटेनरचे नंबर लिहून घ्यायचा. मी भिवंडीत जॉबर, म्हणजे कापड विणायचा बिघडलेला लूम चालता करणारा. शुक्रवारी लूम बंद, म्हणून माझी फेरी त्याच्या केबिनमध्ये. तीन वर्षांपूर्वी एका कंटेनरवरचा आकडा त्याच्या मनात भरला : ४०४४५६९. "जॉबर, हा फुटत न्हाय बघ," तो म्हणाला. दोन, तीन, पाच, कशानेच भाग जात नव्हता. पण ती मूळ संख्या आहे असं छातीठोक म्हणायचं, तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे दोन हजार अकरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. अशा तीनशे पाच! मी मोबाईल काढला, तर गडी असा उखडला... "त्याला इचारायचं न्हाय. जमिनीचं सात वाटं झालं. आता येक तरी न फुटनारी गोष्ट मला माझ्या हातानं बघायची हाय."

मग ठरलं, एका शुक्रवारी एक भाजक. तो वहीत भागणार, मी उलटा गुणाकार करून ताळा बघणार आणि पुढे बरोबरची खूण करणार. सातापासून सुरुवात केली. एकदा माझा हातचा चुकला, तर महिनाभर चिडवत होता.

त्याच वर्षी आमच्या शेटने लूम भंगारात काढले. चोवीस लूम टेम्पोत चढताना बघितले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. जेवण नको, माणसं नकोत. फक्त शुक्रवार चुकवला नाही, कारण बाळारामच्या शिव्या परवडत नव्हत्या. अशाच एका शुक्रवारी गेलो, तर १२७ चा भागाकार त्याने आधीच उरकला होता. "बाकी एकोनऐंशी. बस, चा घे. फुडच्या शुक्रवारी एकशे एकतीस." मी ताळा केला नाही. हातच चालत नव्हता. पुढे सावरलो, दुसरीकडे कामाला लागलो.

तेराव्यानंतर मुलाने वही आणून दिली. शेवटची ओळ ८६३, बाकी ५५१. पुढची संख्या एकट्याने लिहवेना, म्हणून मागची पानं चाळत बसलो. प्रत्येक ओळीत त्याची बाकी, माझी खूण. एकाच ओळीपुढे खूण नव्हती : १२७. राहिलेलं काम म्हणून ताळा करायला घेतला, जुळेना. भागून पाहिलं. ३१८४७ वेळा भाग गेला, बाकी शून्य. तीनदा केलं. शून्यच.

बाळारामचा भागाकार कधी चुकला नाही. त्याचा न फुटणारा आकडा त्या दिवशी त्याच्या हाताखाली फुटला होता, आणि तो गप्प बसला. खेळ तिथेच संपला असता, तर पुढच्या शुक्रवारी मी अंथरुणातून उठलो नसतो, हे त्याला ठाऊक होतं. पुढची दोन वर्षं हा लबाड माणूस तो फुटलेला आकडा माझ्यासमोर गंभीर तोंडाने भागत राहिला... आता भांडू कोणाशी? फार आठवण येते रे.

शुक्रवारी वही अजून उघडतो. ते एकोणऐंशी मी खोडलेले नाहीत. त्यापुढे माझी खूण तेवढी राहिली होती, ती केली. बरोबर.