कोंडीबाचा डावा कान

कोंडीबाचा डावा कान बाहत्तरच्या दुष्काळात गेला. माण तालुक्यात पाझर तलावाच्या कामावर सुरुंग उडाला, तेव्हा तो जवळच उभा होता. उजव्या कानानं बोललेलं ऐकू यायचं, म्हणून त्यानं ही गोष्ट बायकोपासूनही झाकून ठेवली. मेंढक्यानं कान गेला म्हणायचं तरी कसं? त्यातून याचा कान धनगरांच्या साऱ्या तळात नावाजलेला.

दुष्काळ सरल्यावर त्यांची मेंढरं तासगावकडं आली आणि खतासाठी आम्ही ती आमच्या रानात बसवली. एका संध्याकाळी गाभण मेंढी शेजारच्या उसात शिरली. त्याचा थोरला भाऊ बिराप्पा म्हणाला, "कोंडीबा, तूच जा रं. तुजा कान हाय."

उसात दिसत काहीच नाही, आवाजाच्या मागं जावं लागतं. मेंढी ओरडत होती. कोंडीबाला ते स्वच्छ ऐकू येत होतं, पण सगळं उजवीकडूनच. तो उजवीकडं घुसला आणि थेट पलीकडच्या पाटावर निघाला. तोवर डावीकडं कोल्ह्यांनी मेंढी फाडली होती.

बिराप्पानं शिव्या दिल्या नाहीत. भावाच्या डाव्या अंगाला उभं राहून त्यानं नुसती हाक मारली. कोंडीबा उजवीकडं वळला.

मीच त्याला मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "आवाज ज्या बाजूचा, त्या कानात तो किंचित आधी आणि जरा मोठा पोचतो. मानेच्या वर, मेंदूच्या देठाशी, दोन्ही कानांचे निरोप एकत्र येतात. तिथं ते ताडून बघितले जातात आणि दिशा कळते. तुमच्या डाव्या कानाची नस मेली. आता एकच निरोप येतो, तो ताडणार कशाशी?"

"म्हंजी पंच बसल्यात, पर साक्षीदार एकच," कोंडीबा म्हणाला. औषध नव्हतंच. देवानं दोन कान नुसते बाळ्या अडकवायला दिले नव्हते, हे मला तिथं कळलं, आणि कळून उपयोग काय, म्हणून रागही आला.

धनगरांत पुरुष मेंढरांमागं रानानं चालतात. बायका घोड्यांवर संसार लादून वाटेनं पुढं जातात, तळ मांडतात, भाकरी थापतात. बिराप्पा म्हणाला, "उद्यापास्नं तू घोड्यांसंगं." कोंडीबानं मान हलवली. भांडायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

तळ हलला तेव्हा मी शिवेपर्यंत सोबत गेलो. कोंडीबा घोड्याचा दोर धरून बायकांमध्ये खाली मानेनं चालत होता. डाव्या हाताला त्याची बायको हरणाबाई, डोक्यावर पाटी घेऊन. लांबून मेंढरांच्या घंटा ऐकू येत होत्या.

"मेंढरं कुनीकडं हायती गं?" त्यानं विचारलं.

"मागं."

थोडं चालून त्यानं पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. तेव्हा हरणाबाई थांबली. तिचा चेहरा उन्हानं आणि ओझ्यानं पार उतरला होता.

"आवं, लगीन झाल्यापास्नं ह्या वाटंनं चालतीया मी," ती मोठ्यानं म्हणाली. "मला दोन कान हायती. तरीबी तुमी कुनीकडं हाय, ते कवा कळलं न्हाई. मी कुनाला इचारायचं हुतं?"

घोड्याला वळसा घालून कोंडीबानं तिला आपल्या उजव्या हाताला घेतलं आणि दोघं चालू लागले.