मास्टरांनी दिलेले वाक्य

मास्टर वाक्य द्यायचे ते दातांत दोरा धरल्यासारखे, ओठ न हलवता. विंगेतून कुजबूज यायची, "घे गा बाबू, पुढचं घे," आणि मागोमाग माझे विसरलेले वाक्य. समोर बसलेल्या आमच्या करडी गावच्या लोकांना वाटायचे, पोरगं दुःखानं थांबलं होतं. मी नुसता विसरलेला असायचो.

गावच्या नाटकातला असा प्रॉम्प्टर तुम्हीही ऐकला असेल, पाहिला नसेल. आमचे मास्टर तसे होते. आता चाळिशी ओलांडून बरीच वर्षे झाली, तेव्हा बायकोलाही न सांगितलेली गोष्ट सांगतो. मास्टरांच्या आजाराचे खरे नाव मला ऑपरेशनच्या दिवसापासून माहीत होते, आणि मी ते त्यांच्यापासून लपवले.

धंद्याने ते शिंपी. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरायची आणि त्या रात्री नाटक व्हायचे. राजाचा कोट मास्टर शिवायचे आणि राजाचे संवादही त्यांनाच पाठ असायचे. माप घेता घेता तालीम चालायची. "हात वर कर. छाती फुगवू नोको, तुह्या सासऱ्यानं पाहून घेतली आहे ती."

सत्तर सालानंतरच्या एका उन्हाळ्यात त्यांचा स्वतःचाच सदरा अंगावर लोंबू लागला. रक्त पडत होते, पण मूळव्याध समजून त्यांनी कितीतरी महिने कुणाला सांगितलेच नव्हते. शेवटी मी त्यांना नागपूरला नेले. पोट उघडल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. गाठ काढता येण्यासारखी नव्हती. शौचाची वाट पोटावर काढून दिली होती. "त्यांना कसं सांगायचं, ते आपण मिळून ठरवू," डॉक्टर म्हणाले. मी हात जोडले. सांगू नका, माणूस खचेल.

शुद्धीवर आल्यावर मास्टरांनी विचारले, "काय निघालं गा?"

"गाठ होती. काढली. साफ झालं."

त्यांनी पोटावरची पट्टी चाचपून पाहिली. मग म्हणाले, "बरं."

घरी आल्यावर मी मास्टरांच्या बायकोला, वहिनींना, खरे सांगितले, आणि त्यांनाही हसत राहायची ताकीद दिली. त्या चुलीपुढे रडून घ्यायच्या आणि बाहेर येऊन म्हणायच्या, "आज तोंडावर तेज आलं जी तुमच्या!" मास्टर मान डोलवायचे. आमची दोघांची नाटकं ते मुकाट्याने बघत होते.

पोटावरची रबरी पिशवी सटकायची, वास यायचा. मास्टरांनी स्वतःसाठी मांजरपाटाचा पट्टा शिवला. पुढे पिशवीपुरता खिसा, मागे बांधायला नाड्या. "राजाचा कमरपट्टा शिवला बाप्पा," म्हणाले. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात आसगावचा एक शेतकरी भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याचेही तेच ऑपरेशन झाले होते. मास्टरांनी चारचौघांत सदरा वर केला आणि त्याला पट्टा दाखवला. मग तिथेच वीत लावून त्याच्या कमरेचे माप घेतले.

तो माणूस पुढे एसटीने करडीला येऊ लागला. दोघे दार लोटून तासन्‌तास बोलत बसायचे. मी गेलो की गप्प व्हायचे. मला राग यायचा. त्यांना नागपूरला नेले होते मी, आणि गुजगोष्टी याच्याशी!

मंडई जवळ आली. मास्टर खाटेला लागले होते. एका दुपारी मी नेहमीसारखा म्हणालो, "थंडी पडू द्या, ठणठणीत होऊन विंगेत उभे राहता की नाही पाहा."

त्यांनी डोळे मिटले. ओठ न हलवता तीच कुजबूज आली.

"घे गा बाबू, पुढचं घे. 'मास्टर, तुमाले कॅन्सर आहे. तुमी वाचत नाही. मी बसतो तुमच्याजवळ.' एवढंच आहे. म्हण."

आत वहिनींच्या भांड्यांचा आवाज थांबला.

मी त्यांचे पांघरूण सारखे केले. "काहीतरीच काय बोलून राहिले! गाठ होती, निघाली."

मास्टर आढ्याकडे पाहून हसले. "पाठ नाही केलं पोट्ट्यानं."

एरवी मी अडलो की ते पुन्हा पुन्हा वाक्य द्यायचे. त्या दिवशी दुसऱ्यांदा दिले नाही. मी पाणी आणतो म्हणून उठलो आणि घरी निघून गेलो.

मंडईच्या आधीच ते गेले. आसगावचा तो माणूस तेरवीला आला. वाळून काटकी झालेला. सदऱ्याखाली पट्ट्याची गाठ दिसत होती. मला म्हणाला, "तुमीच का नाटकवाले? मास्टर सांगत, त्याले सारं मालूम आहे, पण भेते बिचारा. म्हणून माह्याजवळ बोलत. आमी दोघं कॅन्सरचं नाव घेऊन रडून घेत होतो, अन् मंग चहा पेत होतो. तेवढ्यानं रात्र निघत होती."

त्या वर्षी मी नाटकात उभा राहिलो आणि अडलो. नवा प्रॉम्प्टर विंगेतून जवळजवळ ओरडत होता. मला मात्र दुसरेच वाक्य ऐकू येत होते, ओठ न हलवता दिलेले. लोकांना वाटले, पोरगं दुःखानं थांबलं.

त्यानंतर मी तोंडाला रंग लावला नाही. तरी कुठे पडदा हलला, कुणी हळू आवाजात बोलले, की ते वाक्य येते. आता ते मला पाठ आहे. ते मास्टरांना म्हणायचे राहिले आहे.