दोन बोटं सैल

गळ्यात कायम मोजपट्टी, म्हणून गल्ली तिला टेपताई म्हणायची. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, की ती नजरेनंच कमरेचं माप सांगे.

स्वतःचं माप मात्र ती चार दिवस टाळत होती. मूल व्हावं म्हणून दवाखान्यात तिची बीजं काढून झाली होती, उद्या त्यातून तयार झालेला गर्भ आत सोडायचा होता. लग्नाला नऊ वर्षं, आणि ही तिसरी खेप. "रोज पोटाचा घेर लिहून ठेवा, भराभर वाढला किंवा धाप लागली तर लगेच या," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. टेपताईनं लिहिलं काहीच नाही. झगा काचायला लागला की शिवण उसवायची, दोन बोटं सैल करायची, पुन्हा टीप मारायची. आकडा सांगितला तर उद्याचा दिवस हातचा जाणार होता.

आज सकाळपासून तिला चैन नव्हतं. आडवी झाली की छातीवर ओलं गाठोडं ठेवल्यासारखं व्हायचं. उठायची, खिडकीशी जायची, पुन्हा मशीनपाशी. सुईत दोरा जाईना. तिच्याच श्वासानं तो हलत होता.

नणंद बाह्या लावायला कापड घेऊन आली.

"वहिनी, धावत आलीस की काय?"

"बसल्या जागी... धावतेय."

"मशीनसुद्धा मधेमधे दम खाते. तू तर भाता झालीस!" हसता हसता तिची नजर वहिनीच्या कुशीवर थांबली. शिवणीशेजारी जुन्या टाक्यांच्या भोकांच्या तीन रांगा. "तीनदा उसवलंस?"

उत्तर तयार होतं, श्वास पुरला नाही. नणंदेनं वहिनीच्याच गळ्यातली पट्टी ओढून पोटाला लावली आणि आकडा न सांगता म्हणाली, "चल."

"उद्याचं चुकेल गं."

"उद्याला तू तरी हवीस ना, बये?"

दवाखान्यात कळलं, बीजं वाढवायला दिलेल्या इंजेक्शनांनी अंडाशयं सुजली होती. अंगातलं पाणी झिरपून फुप्फुसाभोवती साचलं होतं. पाठीतून सुई घालून लिटरभर काढलं. "गर्भ गोठवून ठेवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन महिने तरी थांबा." टेपताईनं भिंतीकडे तोंड केलं. रडायलासुद्धा दम लागतो, हे तिला तेव्हा कळलं.

सकाळी नर्स घेर मोजायला आली. टेपताईनं हात पुढे केला.

"ढिली धरलीय तुम्ही. द्या इकडे."

पट्टी घट्ट लावून तिनं खराखुरा आकडा मोठ्यानं सांगितला. नर्सनं लिहिलाही. पण टेपताईनं पट्टी सोडली नाही.

"थांबा. या वेळी चुकायला नको, परत मोजते."