थापीबाईंची तळ्याकाठची खोली

थापीबाईंच्या खांद्यावरच्या पिशवीत चष्मा, बीपीच्या गोळ्या आणि गवंड्याची थापी कायम असायची. लग्नाला गेल्या तरी थापी सोबत. कुणाच्या ओट्याची कड फुटलेली दिसली की त्यांचा हात आपोआप पिशवीत जाई. गावात त्या नर्स म्हणून आल्या होत्या. निवृत्त झाल्यावर मात्र सगळे त्यांना थापीबाईच म्हणू लागले आणि त्यांनाही ते आवडायचं. मला त्या आवडायच्या की नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्याचं कारण माझी आई.

इंझोरीच्या आमच्या शिवारात एक पाझर तलाव आहे. त्याच्या काठी बाईंच्या नवऱ्यानं मागं कधी घेतलेला जमिनीचा तुकडा होता आणि त्यात दगडामातीची एक खोली. छत खचलेलं, दाराला वाळवी, आत बाभळीचं रोप उगवलेलं. म्हातारपण इथेच काढायचं आणि खोली आपणच उभी करायची, असं बाईंनी ठरवलं. लोक म्हणाले, मिस्तरी लावा. बाई म्हणाल्या, “हात धड हायेत ना माहे? मंग मिस्तरी कायले पाह्यजे?”

पण दगड काही एकटीला उचलवत नाही. आई त्याच वाटेनं वावरातून घरी यायची. एक दिवस बाईंनी हाक मारली, “सुमन, जरा दगड धर वं.” दगड धरायला थांबलेली आई मग रोजच थांबू लागली.

मी तेव्हा कारंज्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे तिथलं सगळं मला आईलाच सांगायचं असायचं. एस.टी.त उभ्यानं येताना मी मनात वाक्यं जुळवायची. घरी यावं तर दाराला कडी. अंधार पडता पडता आई यायची, केसांत माती, हातांना सिमेंट. “काय शिकवलं आज?” ती विचारायची आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायची, “आज ओळंबा लावला आमी. भिंत पोट काढून राह्यली होती. बाई म्हणे, काढू दे, माह्याच वयाची हाय ते.” आणि हसत बसायची. माझी परीक्षा कधी आहे, ते तिच्या लक्षात राहत नसे. बाईंच्या छपराचं कोणतं टीन गळतं, ते तिला पाठ होतं.

आईच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. मी कारंज्याहून तिच्यासाठी क्रीम आणली. ती कोनाड्यात तशीच पडून राहिली. बाईंनी दिलेलं पिवळं मलम मात्र आई रोज लावायची. “सरकारी दवाखान्यातलं हाय,” म्हणायची, जणू माझी क्रीम चोरबाजारातली होती.

एका रविवारी मी त्यांचा डबा घेऊन तळ्यावर गेले. पडकी भिंत बांधायच्या आधीच त्या दोघींनी धान्याची मोठी पत्र्याची कोठी आत ठेवून दिली होती. मग भिंत उभी केली आणि कुणाच्या तरी मोडलेल्या गोठ्याचं दार आणून बसवलं. आता फरशी टाकायला कोठी बाहेर काढावी, तर दार अरुंद! आडवी केली, तिरपी केली, कोठी निघेना.

“आता वं माय?” आई म्हणाली.

“बरंच झालं,” बाई म्हणाल्या. “चोर तरी कुठून नेतीन?”

आई खाली बसली आणि पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तसं हसताना मी तिला आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मी डबा उंबरठ्यावर ठेवून परत आले.

खोली पुरी झाली, तेव्हा बाईंनी चूल मांडली आणि दूध उतू घालायला आईला बसवलं. आमचं घरकुल झालं तेव्हा तो मान आत्याचा होता. आई मागे उभी राहून ताटं पुसत होती. तळ्यावर दूध उतू गेलं, तेव्हा आईचा चेहरा मी पाहिला. आईला हा मान द्यायचं मला सुचायला हवं होतं, असं वाटलं. पण उतू घालायला माझं घर कुठे होतं?

पुढच्या वर्षी बाईंचे गुडघे गेले. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना त्यांनी आईच्या गालाला हात लावला आणि मला म्हणाल्या, “पोरी, तुही माय लय गुणाची हाय.” जणू मला ठाऊकच नव्हतं.

आता आई लवकर घरी यायची. मी कॉलेजचं सगळं सांगायची आणि ती “हं” म्हणायची. हवी होती ती आई मिळाली होती, पण तिची नजर तळ्याच्या वाटेकडे असायची.

मग एका सकाळी धपधप आवाजानं मला जाग आली. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. सगळा धूर आतच कोंडतो. आईनं लोखंडी सब्बल घेऊन भिंतीला भगदाड पाडलं होतं.

“आई! हे काय करून राह्यली?”

“खिडकी,” ती धापा टाकत म्हणाली. “पाह्यत काय बसली? विटा उचल.”

दुपारपर्यंत आम्ही दोघींनी आईनं कुठूनशी आणून ठेवलेली चौकट बसवली. आई दोन पावलं मागे सरली, मान कलती करून पाहत राहिली. “डावीकडं उतरली. बाई असत्या तं सरळ बसली असती.”

“राहू दे वाकडी,” मी म्हणाले. “ही आपण केली.”