छतावरची माती

भूकंपानंतर माझी बायको छताखाली झोपत नव्हती. गणपतीला माहेरी गेली होती, औशाकडच्या गावात. दगडांच्या ढिगातून तिला ओढून काढली तेव्हा तोंडात माती, नाकात माती, अन् तिच्या मुठीत तिच्या आईचा हात. हात तिनं सोडला नाही, म्हणून माणसांनी बोटं एकेक करून उघडली. आई गेलेली होती.

मी हदगावकडचा. सहावीत शाळा सोडली अन् पोटामागं लातूरला आलो, डाळमिलमध्ये पोती उचलायला. इथं माझं रक्ताचं कुणी नाही. बायको जिवंत हाती आली ह्याचेच उपकार मी रोज मानत होतो, अन् रोज भीतही होतो. भाड्यानं घेतलेल्या खोलीला वर स्लॅब. ती उंबऱ्यापाशी यायची अन् तिथूनच मागं फिरायची. मग मिलच्या मालकानं आवारात पोत्यांवर निजायची परवानगी दिली. देवमाणूस! पण किती वर्षं उघड्यावर काढायची? थंडीत तिचा खोकला थांबेना. आजूबाजूला तर क्लासच्या पोरांना खोल्या द्यायच्या म्हणून जो तो मजल्यावर मजला चढवत होता. सेंट्रिंगच्या फळ्या धाडकन पडल्या की बायको कान दाबून खाली बसायची.

लातूरच्या कडेला एक अर्धवट घर विकायचंय असं कळलं. गेलो बघायला. भिंती नाहीत, वर काही नाही. चुलीच्या धुरानं काळे पडलेले सागवानी खांब, त्यांच्यावर तुळया, अन् मोकळ्या माळावर उभी एक दाराची चौकट. मालक म्हातारा, त्याच भूकंपातला. पडलेल्या घराचं लाकूड ट्रॅक्टरनं आणून त्यानं इथं सांगाडा उभारला होता, पुढं हातच चालेना म्हणाला.

बायको खांबाखांबाला खांद्यानं ढकलत फिरली. एकावर दगड हाणून बघितला. मग मधोमध खाली बसली.

"हितं झोपीन मी," म्हणाली.

मला तेवढंच पाहिजे होतं. आमच्याकडं घर घेताना चौकटीला हळदकुंकू लावून नारळ फोडतात, मग शब्द फिरत नाही. सोमवारी सकाळी मी नारळ घेऊन गेलो. नारळ हातातच होता तेवढ्यात रिक्षातून एक माणूस उतरला. हातात कुऱ्हाड. म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ.

"माज्या लेकरांच्या मढ्यावरचं लाकूड इकून राहिलास व्हय रे?" म्हणत तो आला तसा पहिल्या खांबावर घाव घातला. ढलपी उडून माझ्या गालाला लागली. त्याची दोन्ही लेकरं ह्याच तुळयांखाली गेली होती. म्हाताऱ्यानं ते आम्हाला सांगितलंच नव्हतं.

"भाऊ, थांब," म्हातारा पुढं झाला. धाकट्यानं त्याला छातीत लाथ घातली. तो मुरमावर उताणा पडला, धोतर सुटलं, तोंडातून रक्त आलं. धाकटा परत खांबाकडं वळला. दुसरा घाव, तिसरा. वरची तुळई करकरली. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी खांबाला मिठी मारली. मी भित्रा माणूस. पण हा खांब पडला की बायको परत पोत्यांवर, अन् तो खोकला.

"सरक, न्हाईतर तुलाबी तोडतो!"

"तोडा," म्हणालो, पण डोळे मिटून.

कुऱ्हाडीचा दांडा माझ्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. मी खाली कोसळलो अन् बायको माझ्या जागी उभी राहिली.

"वर माती कोण टाकत होतं, दादा?" तिनं विचारलं.

त्याची कुऱ्हाड वरच राहिली. ह्या भागात माळवदाच्या सपाट छतावर दरसाल पावसाच्या आधी पांढऱ्या मातीचा थर टाकतात, गळू नये म्हणून. जुना थर कुणी काढत नाही. बापाचा थर, आज्याचा थर, त्यावर आपला. भिंती फुटून बाहेर गेल्या की ती सगळी माती आत येते.

"माजा बाप टाकायचा," बायको म्हणाली. "मी टोपली द्यायची खालून. माय लाकडानं न्हाई गेली, मातीनं गेली."

"गप ए!"

"खांब तर एकबी मोडला न्हाई. माती कोण टाकली?"

त्यानं तिला मारलं. थोबाडीत, उलट्या हातानं. ओठ फाटला तिचा, पण ती हलली नाही. तेव्हा म्हातारा मुरमावरूनच बोलला, "मी खालून द्यायचो, तू वर पसरायचास. दोघांनी टाकली, भाऊ."

धाकट्यानं कुऱ्हाड टाकली अन् थोरल्याच्या छातीवर बसून त्याला मुठींनी मारायला लागला. म्हाताऱ्यानं हात वर केला नाही. नाक फुटलं, एक दात पडला. मारता मारता धाकटा गुरासारखा हंबरायला लागला. मग मुठी सैल झाल्या. शेवटी तो थोरल्याच्या रक्ताळलेल्या सदऱ्यात तोंड खुपसून तसाच पडून राहिला.

बऱ्याच वेळानं उठला. आमच्याकडं बघितलं नाही. "घ्या घर," म्हणाला. "पण वर माती टाकायची न्हाई. एक टोपलीबी न्हाई. घाला लेकराची आण."

"लेकरू न्हाई आम्हाला," बायको म्हणाली.

"मग माज्या लेकरांची घाला."

तिनं घातली. नारळ मला एका हातानं फुटेना, तो त्यानंच चौकटीवर आपटून फोडला.

हात गळ्यात बांधलेला असतानाच मी वर पत्रे टाकायला माणसं लावली. भिंतींचा अजून पत्ता नव्हता. दुपारी डबा घेऊन आलो तर बायको दोन खांबांमध्ये चटईवर आडवी, ओठावरचा टाका दिसत होता. वर हातोड्यांचा नुसता दणदणाट. मी घाबरून नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. घोरत होती.

वरच्या माणसानं मला बघितलं अन् हातोडा थांबवला. "झोपल्यात व्हय ताई? मग थांबू का जरा?"

ती कूस बदलायला लागली.

"थांबू नको रे बाबा," मी खालून ओरडलो. "ठोक. ठोकत राहा."