वायर धरणारीची आई

आमच्या घरात अजून कुणी "जरा वायर धर" म्हणालं की माझं टाळकं सटकतं. नात मुद्दाम म्हणते, मोबाईल चार्जिंगला लावतानासुद्धा. मीही मुद्दाम चिडते. पण खालचा राग खरा आहे, चांगला मुरलेला. तो कशाचा, हे एकदा लिहून टाकते.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशनचं शेड होतं. नवरा ऑर्डरी आणायचा, वेल्डिंग मी करायचे, साडीवर खाकी शर्ट चढवून. मुलगी इंजिनिअरिंगला होती. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कॉलेजांत रोबोंच्या लढतींचं वेड शिरलं होतं. लाकडी रिंगणात दोन यंत्रं सोडायची, एकानं दुसऱ्याला बंद पाडायचं, नाहीतर कोपऱ्यातल्या खड्ड्यात ढकलायचं. पोरीनं वर्गातली तीन पोरं जमवली आणि यंत्र आमच्या शेडमध्ये बनवायला घेतलं.

पुढं फावड्यासारखा उतरता पत्रा. तो समोरच्याच्या पोटाखाली घुसवायचा, मग ट्रकच्या वायपरची मोटर साखळीनं तो पत्रा उचलणार आणि समोरचा उताणा. कल्पना पोरीची, आकृती पोरीची, मोटरी जुन्या बाजारातून घासाघीस करून आणल्या त्याही पोरीनंच. पोरं काय करत होती? चहा ढोसत होती आणि यंत्राचं नाव काय ठेवायचं यावर भांडत होती.

मी तरी कुठं शहाणी! तेव्हा मला वाटायचं, जाड ते चांगलं. कमरेपासून पत्र्यापर्यंत सगळीकडं मी हाच नियम लावत होते. पोरीनं सांगितल्यापेक्षा जाड पत्रा मी हट्टानं बसवला. वजन केलं तर यंत्र स्पर्धेच्या मर्यादेच्या बाहेर. पोरीनं ड्रिल घेतलं आणि त्या पत्र्याची चाळण केली. मी शेजारी उभी राहून सांगत होते, "भोकं एका रेषेत पाड, चारचौघांत जायचंय."

बिनवायरचा रिमोट आम्हाला परवडत नव्हता. हातात बटणांचा डबा, तोच आमचा रिमोट, आणि डब्यातून यंत्रापर्यंत लांबलचक वायर. ती चाकात येऊ नये म्हणून एकानं काठीला बांधून उंच धरायची आणि रिंगणाभोवती पळायचं.

"काकू, रिमोट मी घेतो," त्यातला तालमीत जाणारा पोरगा म्हणाला. "मला डाव कळत्यात. हिला वायर धरू दे."

"मी का वायर?" पोरगी.

"अगं, कुणीतरी धरायलाच पायजे की!"

तिनं माझ्याकडं बघितलं. आणि मी, हातात वेल्डिंगचा होल्डर घेऊन उभी असलेली बाई, जिला गल्लीतले लोक "बाईमाणसाचं काम हाय व्हय हे?" म्हणून ऐकवून गेलेले, मी काय बोलावं? "असू दे की गं. तालमीतला हाय त्यो, त्याला कळतंय." एवढी अक्कल माझ्याकडं होती. आज ती बाई समोर आली तर तिच्या पाठीत धपाटा घालीन.

लढत आमच्याच गावात होती. पहिला सामना सहज मारला. दुसऱ्याला समोर एक बुटकं, चपटं यंत्र, चाकं मात्र मोठी, वर आणि खाली दोन्हीकडं बाहेर आलेली. आमचा पत्रा त्याच्याखाली घुसला, उचलला, आणि ते सपशेल उलटं! मैदान नुसतं पेटलं. आमच्या पैलवानानं डबा खाली ठेवला, दोन्ही हात वर केले आणि मांडीवर थाप मारून रिंगणाला फेरी घालायला लागला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, खाकी शर्टातच.

"अरे चालतंय ते अजून! रिमोट घे!" काठी धरून पोरगी किंचाळत होती. कुणी ऐकतंय होय? मी तर तिलाच ओरडले, "गप की गं, पाठ लागली त्याची!"

ते यंत्र उलट्या अंगानं सुरू झालं, आरामात वळलं आणि आमच्या बिनमालकाच्या यंत्राला ढकलत ढकलत खड्ड्यात टाकून आलं.

मी दोरी ओलांडून पंचावर धावले. "पाठ लागली की कुस्ती निकाली! पंच हायसा का कोण?"

"काकू, ही कुस्ती नाही. हलतंय तोवर सामना चालू," तो बिचारा मागं सरकत म्हणाला. मैदानात हा नियम दोघांनीच वाचला होता. एक तो पंच आणि दुसरी वायर धरणारी.

इथपर्यंत हसण्यावारी नेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तो पैलवान शेडमध्ये चहा पीत सांगत होता, "हिच्याकडनं वायर गुंतली, न्हाईतर मी वळवून आणलंच असतं." बाकीचे दोघं माना डोलवत होते. कॉलेजात तेच पसरलं. माझा नवरासुद्धा तिला म्हणाला, "बाळ, नीट धरायची गं वायर."

पोरगी तिथंच पत्रा घासत होती. ग्राइंडर बंद केला आणि माझ्याकडं बघत राहिली. या वेळी मी वाट चुकले नाही.

"कप ठेव खाली," मी म्हणाले. "हां. आता ऊठ. आणि ह्या शेडात परत पाय टाकलास तर तुझीच पाठ टेकवीन."

पुढच्या वर्षी पुण्यात खुली स्पर्धा होती. पोरीनं चाकं मोठी केली, पत्रा तिच्या मापाचा बसवला, आणि संघात दोघीच, ती नि मी. दारावरच्या पोरानं अडवलं, "आईवडिलांनी प्रेक्षकांत बसायचं."

"मी आई न्हाई," मी काठी उंच करून दाखवली. "मी वायर हाय."

पदर खोचून पळाले मी त्या रिंगणाभोवती. पहिली लढत तिनं घेतली. दुसऱ्या लढतीत समोरचं यंत्र आमच्यापासून हातभर लांब असताना तिनं भलतंच बटण दाबलं आणि आमचं यंत्र आपल्या पायानं खड्ड्यात गेलं. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"आंधळी हायस का? एवढा मोठा खड्डा दिसंना?" मी सगळ्यांदेखत बोंबलले.

ती डबा छातीशी धरून खाली बसली आणि हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "मीच घातलं गं आई. माझ्या अंगठ्यानं."

परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत मी तिला फाडून खात होते. बटण कुठलं, लक्ष कुठं होतं, एवढं शिकून काय उपयोग. ती प्रत्येक गोष्टीला "व्हय, चुकलंच" म्हणत होती, खुशीत. तो बटणांचा डबा पिशवीत टाक म्हटलं, तर तेवढं मात्र ऐकलं नाही, मांडीवरच धरून बसली.